जाळी कधी ओढायची, कधी गुंडाळायची: नाशिकच्या पॉलिहाऊससाठी ऊन-सावलीचा हिशेब

पॉलिहाऊसमधली सावलीची जाळी (शेडनेट) मार्च-एप्रिलात ओढली जाते आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्या वर्षीपर्यंत तिथेच राहते. उन्हाळ्यात तिचं काम असतं, यात वाद नाही. पण मृग निघतो, आभाळ भरून येतं, तरी तीच ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी जाळी डोक्यावर. मग श्रावणात गुलाबाच्या दांड्या बारीक होतात, जरबेराची फुलं घटतात, ढोबळी मिरचीची कळी गळते. आणि दोष जातो खताला, औषधाला, नाहीतर रोपं देणाऱ्या नर्सरीला.

थंड देशांतल्या शिफारशी वाचून ‘हिवाळ्यात प्रकाश कमी’ असं डोक्यात बसलेलं असतं. नाशिकला ते लागू पडत नाही. हा जिल्हा २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. २१ डिसेंबरला दिवस जवळपास ११ तासांचा असतो, दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंश वर असतो आणि आभाळ बहुतेक निरभ्र असतं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस १३ तासांचा, सूर्य डोक्यावर, पण मधे ढगांचा पडदा. त्यामुळे आपल्याकडे पिकाचे खरे अंधारे महिने आषाढ-श्रावणाचे, पौषाचे नाहीत. जाळीचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बसवायचं.

लक्स आणि मोल: कोणता आकडा कशाला

लक्स म्हणजे त्या क्षणी किती प्रकाश आहे. पावसाची सर किती जोरात आहे, तसं. पिकाला मात्र दिवसभरात एकूण किती मिळालं ते महत्त्वाचं, जसं आपण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो. प्रकाशाची ही दिवसाची बेरीज मोलमध्ये मोजतात, दर चौरस मीटरला. सूर्यप्रकाशासाठी हिशेब अगदी सोपा आहे: सकाळी ७ ते संध्याकाळी ६ दर तासाला लक्स मीटरचा आकडा लिहा, सगळ्यांची बेरीज करा आणि १५,००० ने भागा. आलेला आकडा म्हणजे त्या दिवसाचे मोल.

समजा श्रावणातल्या एका ढगाळ दिवशी जाळीखाली दर तासाचे आकडे हजारांत असे आले: २, ४, ७, ९, ११, १२, १२, १०, ८, ६, ३, १. बेरीज ८५ हजार. १५ हजारांनी भागलं की साडेपाच-पावणेसहा मोल. जाळी ५० टक्क्यांची असेल तर ती गुंडाळली असती तर सव्वाअकरा मिळाले असते. गुलाबाला हवेत २० च्या वर. इथे खताची पोती ओतून काही होत नाही.

पिकांच्या गरजा ढोबळ मानाने अशा: गुलाब आणि रंगीत ढोबळीला २० च्या वर, ढोबळी तर ३० पर्यंत आनंदाने घेते. काकडीही त्याच वर्गातली. जरबेरा १२ ते २० वर चालतो. भाजीच्या रोपांना १० ते १५. लेट्यूससारख्या पालेभाजीला १४ ते १७. त्यापुढे गेलं आणि हवा खेळती नसली की पानांच्या कडा करपतात. अँथुरियम हे फुलझाड मात्र ६ ते १० मध्येच सुखी, त्याला वर्षभर सावली हवी, पावसाळ्यातसुद्धा. एकाच शेडमध्ये अँथुरियम आणि जरबेरा ठेवला की एकाचं तरी नुकसान ठरलेलं.

बाहेर किती मिळतं? निरभ्र मे महिन्यात ४५ ते ५० मोल. डिसेंबरात ३५ च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी २५ ते ३०, आणि झडीच्या दिवसांत त्याच्याही निम्मं. हे निफाड-दिंडोरीच्या पट्ट्याचं. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला ढग हटतच नाहीत, तिथे याहून कमी धरा. सिन्नर, येवला, मालेगावकडे पाऊस कमी, त्यामुळे पावसाळ्यातही ऊन जास्त. शेजारच्या तालुक्यातल्या ओळखीच्या माणसाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

आपल्या शेडमध्ये नेमकं किती येतं ते मोजा

लक्स मीटर घेताना तो २,००,००० लक्सपर्यंत मोजणारा हवा. ५०,००० पर्यंतचा घरगुती मीटर भर उन्हात निरुपयोगी. मोबाइलचं ॲप बाहेरच्या उन्हात भरवशाचं नाही, त्याचा सेन्सर या कामासाठी केलेलाच नसतो.

आभाळ स्वच्छ असलेला दिवस निवडा. नाशिकला सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळातल्या १२ वाजता येत नाही. भारतीय वेळ ज्या रेखांशावर ठरते, त्याच्या आपण बरेच पश्चिमेला आहोत. त्यामुळे खरी मध्यान्ह वर्षभरात १२.२० ते १२.५० च्या दरम्यान सरकत राहते. मोजणी साडेबाराच्या सुमारास करा. आधी बाहेर मोकळ्यावर एक आकडा. मग आत नऊ ठिकाणी: चार कोपरे, चार बाजूंचे मध्य आणि शेडचा मध्य. मीटर आडवा, सपाट, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर धरा. स्वतःची किंवा पाइपाची सावली त्यावर पडू देऊ नका. शेवटी पुन्हा बाहेर. बाहेरच्या दोन आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मधे ढग गेला असं समजा आणि पुन्हा मोजा.

आतली सरासरी भागिले बाहेरची सरासरी, ही तुमच्या शेडची टक्केवारी. नव्या २०० मायक्रॉनच्या कागदाखाली (कागद म्हणजे छताचं प्लास्टिक), पाइप आणि गटर, म्हणजे छताचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, यांची सावली धरून, ७० ते ७५ टक्के प्रकाश येतो. धूळ बसलेल्या, दोन-तीन वर्षांच्या कागदाखाली ५५ ते ६० वर येतो. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. जाळी ५० टक्क्यांची म्हणजे पिकाला ५० टक्के मिळतो असं धरलं जातं. खरं गणित गुणाकाराचं आहे: ५८ टक्क्यांच्या निम्मे, म्हणजे २९. बाहेर १ लाख लक्स असतील तर पानावर २९ हजार. पन्नास टक्क्यांची जाळी म्हणून जे बसवलं ते प्रत्यक्षात ७१ टक्के सावली झालं.

जाळीवर छापलेली टक्केवारीही तपासा. तुकडा हातभर उंच ताणून धरा, खाली मोजा, बाजूला काढून मोजा. सैल विणलेली जाळी ओढून ताणली की भोकं मोठी होतात आणि ५० ची ४० होते. आयएस १६००८ हे शेडनेटचं भारतीय मानक आहे. खरेदीच्या बिलावर त्याचा उल्लेख मागून घ्या.

कोणती जाळी, कुठे

मोनो-मोनो जाळीत दोन्ही बाजूंनी गोल तार असते; हवा जास्त खेळते, टिकते जास्त, महाग पडते. टेप-टेप स्वस्त, पण पट्टी चपटी असल्याने हवा अडते आणि वाऱ्यात फडफडून लवकर विरते. आतून ओढायच्या जाळीला मोनो-टेप चालते. बाहेरून कायम राहणाऱ्या शेडनेट हाऊसला मोनो-मोनोच घ्यावी.

रंगाबद्दल गैरसमज खूप आहेत. हिरवी जाळी ‘पिकाला मानवते’ म्हणून घेतली जाते. पान लाल आणि निळा प्रकाश जास्त वापरतं आणि हिरवी जाळी नेमका हिरवा जास्त सोडते. म्हणजे तेवढ्याच सावलीत पिकाच्या कामाचा प्रकाश कमी. काळी जाळी सगळे रंग सारखेच अडवते, पण स्वतः तापते आणि ती उष्णता आत सोडते. पांढरी जाळी प्रकाश पसरवते, त्यामुळे खालच्या पानांपर्यंत पोहोचतो. ढोबळी आणि जरबेरासाठी ती चांगली. ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्यांची जाळी ऊन परत फेकते, उन्हाळ्यात आतलं तापमान उतरवायला सगळ्यांत सरस आणि किमतीलाही सगळ्यांत वरची. बजेट बेताचं असेल तर पांढरी ३५ ते ५० टक्क्यांची घ्या. रोपवाटिकेत हिरवी वापरायची सवय सोडलेली बरी.

कागदाच्या बाहेरून जाळी टाकली की ऊन आत शिरण्याआधीच अडतं, म्हणून थंडावा जास्त. पण वळवाच्या वाऱ्यात ती सांभाळणं कठीण, आणि कागदाला चिकटून ठेवली तर घासून कागद फाटतो. काळी जाळी कागदावर टेकलेली असेल तर त्या रेषेवर कागद तापून लवकर कडक होतो. बाहेर टाकायचीच असेल तर दोरी किंवा तारेवर फूट-दीड फूट वर, दोन्हींमध्ये हवा राहील अशी. आत टाकली तर गटरच्या उंचीवर, सरकती. नाशिकच्या वाऱ्यात आतली सरकती जाळी हाच बहुतेकांसाठी व्यवहारी मार्ग आहे.

आतली जाळी बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. आधार देणाऱ्या पॉलिएस्टरच्या तारा अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, नाहीतर जाळीचं पोट सुटतं आणि दवाचं पाणी तिथे साचून पिकावर गळतं. जाळी ओढायची ती एका खांबाच्या रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंत, म्हणजे ४ मीटरच्या टप्प्यात. गुंडाळी खांबाच्या आडव्या पाइपाखाली यायला हवी. गुंडाळलेली जाळी ३०-४० सेंटिमीटर जाड राहिली तर चार मीटरमध्ये ८ ते १० टक्के कायमची सावली तिचीच होते, म्हणून ती पाइपाच्या सावलीतच दडवायची. आणि जाळी पूर्ण ओढली तरी छतातल्या, गरम हवा बाहेर जायच्या झडपेखाली फूट-दीड फूट फट सोडायची. ती नसली तर गरम हवा जाळीखाली कोंडते आणि सावली असूनही पीक उकडतं.

होळीपासून रोहिणीपर्यंत

मार्चमध्ये आतलं तापमान ३२-३३ च्या पुढे जायला लागलं की सावलीची तयारी हवी. यात सगळ्यांत मोठी चूक म्हणजे जाळी सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत ओढलेली ठेवणं. सकाळचा प्रकाश फुकटचा आहे: हवा थंड, पानाची रंध्रं उघडी, झाड जोरात काम करतंय. तो अडवू नका.

आकडेच बघा. मे महिन्यात बाहेर ४८ मोल, शेडची टक्केवारी ६०, म्हणजे आत २९. ५० टक्क्यांची जाळी दिवसभर ठेवली तर साडेचौदा उरतात, गुलाबाला अपुरे. तीच जाळी फक्त ११ ते ४ ओढली तर? दिवसाचा ५४-५५ टक्के प्रकाश या पाच तासांत येतो, त्यातला निम्मा गेला. उरतात २१ मोल. दुपारची भाजणी टळली आणि पीक उपाशीही राहिलं नाही. हा फरक कोणत्याही टॉनिकने भरून निघत नाही.

घड्याळापेक्षा मीटर बघून ओढणं जास्त चांगलं. गुलाब-ढोबळीसाठी शेंड्यावर ६५ ते ७० हजार लक्स आणि आतलं तापमान ३२ च्या वर, दोन्ही झालं की ओढा. जरबेरासाठी ४५ ते ५० हजार. अँथुरियमला २० ते २५ हजारांपुढे जाऊच देऊ नका. थर्मल गन (दुरून तापमान मोजणारं यंत्र) असेल तर शेंड्याच्या पानाचं तापमान बघा. पान हवेपेक्षा गरम दिसू लागलं तर ते पाणी सोडायचं थांबलंय. तेव्हा सावली, फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) आणि मुळाशी पाणी, तिन्ही लागतं. एप्रिलात आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की फॉगर मनापासून काम करतात. फक्त बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर पानांवर आणि कागदाच्या आतल्या बाजूला पांढरा थर बसतो आणि तो पुढे पावसाळ्यात प्रकाश खातो. शेततळ्यातलं पावसाचं पाणी फॉगरसाठी राखून ठेवा.

पश्चिमेचं ऊन विसरलं जातं. चार वाजता छतावरची जाळी काढली की तिरपं ऊन बाजूच्या जाळीतून थेट आत येतं आणि पश्चिमेकडच्या दोन-तीन ओळी करपतात. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पश्चिमेच्या भिंतीवर ३५ टक्क्यांचा पडदा लावावा, पण खालून तीन फूट मोकळं ठेवून, हवा यायला. आणखी एक बारकावा: २१ मेच्या सुमारास नाशिकला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि २३ जुलैपर्यंत तो थोडा उत्तरेकडून जातो. जूनमध्ये मावळतो तो पश्चिमेपासून २५ अंश उत्तरेला. म्हणून मे-जूनमध्ये वायव्येचा कोपरा सर्वांत जास्त भाजतो. डिसेंबरात हेच उलट, नैर्ऋत्येला.

छतावर पांढरं मारणं हा स्वस्त उपाय. जाळीची यंत्रणा नसलेल्यांना तोच आधार. पाण्यात मिसळणारा साधा पांढरा रंग १ लिटरला १५ लिटर पाणी या प्रमाणात सुरू करा. दहा गुंठ्यांच्या शेडच्या छताला पहिल्या हाताला साधारण १० लिटर रंग आणि १५० लिटर पाणी लागतं. गाळून घ्या, नाहीतर गनचं नोझल तुंबतं. सकाळी वारा पडलेला असताना, बारीक फवाऱ्याने. आधी कोपऱ्यातल्या एका पट्ट्यावर मारून वाळू द्या, खाली लक्स मोजा; कमी वाटलं तरच दुसरा हात. एकदम जाड मारलं तर काढणं मुश्कील. कळीचा चुना वापरणारे बरेच आहेत. तो स्वस्त आहे, पण जहाल आहे, कागदाला आणि तो पकडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलला मानवत नाही. कागद विकणाऱ्याची हमी असेल तर मारण्याआधी त्याला विचारा. आणि गटरचं पाणी शेततळ्यात जात असेल तर पहिल्या दोन-तीन पावसांत ती पाइप सोडून ठेवा, नाहीतर सगळं पांढरं तळ्यात.

मृग ते हस्त: जाळीला सुट्टी

पाऊस स्थिरावला की, साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, गुलाब, ढोबळी, काकडी, जरबेरा यांच्यावरची जाळी पूर्ण गुंडाळा आणि बांधून टाका. पश्चिमेचा पडदा काढा. छतावरचं पांढरं पावसाने गेलं नसेल तर मऊ, लांब दांड्याच्या स्पंजाने आणि पाण्याने काढा. ते आपोआप जाईल म्हणून ऑगस्टपर्यंत वाट बघणं म्हणजे पिकाचा घास काढणं.

या काळात कागदाच्या बाहेरच्या बाजूला शेवाळ धरतं, विशेषतः गटरच्या कडेला आणि उत्तरेच्या उतारावर. एचटीपी पंपाचा (जास्त दाबाच्या फवारणी पंपाचा) फवारा लांबून आणि पसरट ठेवून, सोबत थोडा साबण. ब्लीचिंग वापरू नका: क्लोरीन आणि गंधक, दोन्ही कागदातलं ऊनरोधक द्रव्य लवकर मारतात. भुरी रोगासाठी गंधकाची धुरी देणाऱ्यांचा कागद लवकर जातो, त्याचं कारणही हेच. धुताना कागदावर पाय नाही. गटरमध्ये फळी टाकून, कमरेला दोर बांधून. ओलं गटर फार निसरडं असतं.

सकाळी कागदाच्या आत दवाचे थेंब लटकलेले दिसले तर ते प्रकाश परतवतात आणि खाली गळून डाऊनी, करपा असे बुरशीचे रोग वाढवतात. उजाडल्याबरोबर बाजूचे पडदे थोडे उघडून कोंडलेली दमट हवा बाहेर काढा.

प्रकाश कमी आहे तर पिकाचं जेवणही त्या मानाने द्यायचं. ढगाळ आठवड्यात नत्र कमी करा, पाणी कमी करा. नाहीतर पेरं लांबतात, पान मऊ पडतं. खालची पिवळी, निकामी पानं काढा. ढोबळीला दोन फांद्यांची शिस्त पाळा. वाफ्यांच्या मधल्या वाटांवर पांढरा ग्राउंड कव्हर टाकला तर खालून परतलेला प्रकाश आतल्या पानांना मिळतो. हे सगळं मिळून फरक पडतो, एकट्याने नाही.

आता अवघड भाग. चार-पाच दिवस आभाळ दाटून राहतं, पानं कोवळी पडतात, मुळं सुस्तावतात. मग एके दिवशी अचानक लख्ख ऊन. दुपारी बारा वाजता सगळं पीक मान टाकतं. माणूस घाबरून पाणी सोडतो आणि आधीच ओली असलेली मुळं गुदमरतात. पाणी नको, सावली हवी. जाळी बांधलेली असली तरी दोर चालू स्थितीत ठेवायचा तो याचसाठी. पहिल्या दिवशी ११ ते ३, दुसऱ्या दिवशी १२ ते २, तिसऱ्या दिवशी गरज नसते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर ऑक्टोबरात होते. हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन चटका देतं. तापमान मे महिन्याइतकं नसतं, पण पीक तीन महिने अंधारात वाढलेलं असतं. इथे जाळी आठ-दहा दिवस परत आणा, दुपारच्या तीन-चार तासांपुरती, आणि रोज थोडा वेळ कमी करत काढून टाका. दिवाळीपर्यंत पीक उन्हाला तयार झालेलं असतं. याच सुमारास छत एकदा स्वच्छ धुवून घ्या. पावसाचा चिखल, शेवाळ, सगळं. पुढे रब्बीची नांगरट आणि रस्त्यांची धूळ सुरू होते, म्हणून जानेवारीत दुसरी धुलाई. शेजारी वीटभट्टी, खडी क्रशर किंवा महामार्ग असेल तर महिन्याला एकदा.

थंडीत

नोव्हेंबर ते जानेवारी फारसं काही करावं लागत नाही. जाळी दिवसा गुंडाळलेली. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या रात्री मात्र ती सूर्यास्तानंतर ओढून ठेवा. ॲल्युमिनियमची असेल तर उष्णता धरून ठेवायला तिचा खरा उपयोग होतो. उजाडल्यावर एकदम न उघडता अर्धा तास फट ठेवा, म्हणजे वरची गार हवा पिकावर धपकन पडत नाही. दक्षिणेकडच्या झाडांची सावली या दिवसांत लांबते: दुपारीच झाडाच्या उंचीइतकी, सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी जास्त. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली शेवरी किंवा बांबू शेडच्या दक्षिणेला असेल तर उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर दिवाळीआधी छाटा. नवं शेड बांधणाऱ्यांनी गटर दक्षिणोत्तर ठेवावं. तसं असलं की गटरची सावली दिवसभर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. पूर्व-पश्चिम ठेवलं तर हिवाळ्यात ती तासन्‌तास त्याच वाफ्यावर बसते आणि ती ओळ कायम मागे राहते.

शेवंतीचं प्रकरण वेगळं. तिला प्रकाश किती यापेक्षा रात्र किती लांब हे महत्त्वाचं. सप्टेंबर ते मार्च आपल्या रात्री मोठ्या, म्हणून लहान रोपंच कळी धरतात आणि दांडा आखूड राहतो. लावणीनंतर चार-पाच आठवडे रात्री साडेदहा ते अडीच दिवे लावा, शेंड्यावर १०० लक्स पुरतात, पिवळसर बल्ब चालतो. मे-जुलैत उलट: फुलं हवी असतील तर संध्याकाळी ६ ते सकाळी ७ काळं कापड, कळीला रंग दिसेपर्यंत रोज, एकही दिवस न चुकता. कापडाखाली उकाडा कोंडला तर कळी रेंगाळते. अंधार पडल्यावर बाजू वर करा, पहाटेआधी परत खाली. आणि विहिरीवरचा किंवा गोठ्याचा रात्रभर जळणारा दिवा शेंड्यांना दिसतो का ते आधी बघा. एका बाजूची फुलं उशिरा येण्यामागे बऱ्याचदा तोच असतो.

रोपवाटिका

टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं करणाऱ्यांचं मे-जूनचं काम सगळ्यांत नाजूक. ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाखाली ठेवलेले असतात. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उचलून बघा. पहिली रोपं माना काढू लागली की लगेच पसरा. अर्धा दिवस उशीर झाला की देठ दोऱ्यासारखा लांबतो आणि मग कितीही ऊन दिलं तरी तो आखूड होत नाही. पहिला आठवडा ५० टक्के सावली ठीक. खरी पानं दोन झाली की सावली फक्त ११ ते ४. मृगानंतर पावसाळी कागदाखाली ५० ची जाळी ठेवूच नका, तिथेच रोपं लांबट होऊन आडवी पडतात.

शेतात जाण्याआधी सहा दिवस कणखर करा. पहिले दोन दिवस सकाळी १० पर्यंत उघडं, पुढचे दोन १२ पर्यंत आणि चारनंतर पुन्हा, शेवटचे दोन पूर्ण दिवस. पाणी थोडं ताणा, पण मान टाकू देऊ नका. कडेचे ट्रे आधी वाळतात, ते रोज आत-बाहेर फिरवा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सावलीतून थेट ट्रॅक्टरवर रोप चढवू नका. दोन दिवसांत पानं पांढरी पडतात आणि तक्रार तुमच्याकडेच येते.

पिकावरून ओळखायचं कसं

ढोबळीवर पांढरट, कागदासारखा सुकलेला डाग, तोही फक्त पश्चिमेकडच्या किंवा वरच्या बाजूला, तर तो ऊनडाग. बुरशी त्यावर मागाहून बसते, म्हणून औषध मारून उपयोग नाही. फळ झाकणारी पानं जास्त काढली असतील तरी हेच होतं. गुलाबात कळी न धरणाऱ्या आंधळ्या फांद्या वाढल्या, खोडातून नवे फुटवे येईनात, तर प्रकाश कमी. जरबेराचा दांडा लांब, बारीक आणि मान वाकलेली, तर बहुधा प्रकाश कमी आणि नत्र जास्त. तोच दांडा आखूड, पानं लहान-जाड, कडा वर वळलेल्या, तर ऊन जास्त. लाल गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा हिवाळ्यात काळ्या पडतात, त्याला थंड रात्र आणि अतिनील किरण कारणीभूत. जाळी ओढून तो प्रश्न सुटत नाही, कागद बदलताना अतिनील किरण अडवणारा घ्यावा.

एकाच ओळीत, शेडच्या लांबीभर सारखा त्रास दिसला तर वर बघा: गटर किंवा जाळीची गुंडाळी. एकाच कोपऱ्यात दिसला तर बाहेर बघा: झाड किंवा शेजारचं गोदाम. सगळीकडे सारखा दिसला तर मीटर काढा.

जूनमध्ये बांधलेली जाळी पुन्हा ऑक्टोबरात ओढताना दोर कुजलेला, क्लिपा गंजलेल्या आणि गुंडाळीत उंदरांनी घर केलेलं सापडतं. म्हणून ऑगस्टच्या एखाद्या कोरड्या दिवशी ती एकदा पूर्ण ओढून, झटकून, परत गुंडाळा.